पडद्यामागचं टेबल

टेबलं भाड्याने देण्याच्या धंद्यात लोकांची घाण मी पुष्कळ पाहिली आहे. ताटात विझवलेल्या सिगरेटी, टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगम, कापडाला पुसलेली नाकं. ती धुतली की जाते. दादाच्या मेजवानीत जे पाहिलं, त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

दादाच्या कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठं जेवण ठेवलं होतं. टेबलं-खुर्च्या अर्थातच बहिणीकडच्या, म्हणजे माझ्याकडच्या. कुणाला कुठे बसवायचं तेही मीच ठरवायचं, शेवटचा शब्द मात्र वहिनीचा. कोण कुणाशेजारी शोभेल हे तिला बरोबर कळायचं. आई कुठे शोभेल, हे तेवढं कळेना.

आजारपणानंतर आईचा उजवा हात थरथरतो. जेवताना सांडतं, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं. पण या जेवणाची तिने किती वाट पाहिली म्हणून सांगू! महिनाभर एकच घोकत होती, मी माझ्या लेकाच्या शेजारी बसणार. त्यासाठी चष्म्याला नवी काच बसवून घेतली.

मुख्य टेबल गोल, आठ जणांचं. वहिनी म्हणाली, आठ जण ठरलेत, आता जागा नाही. मी म्हटलं, खुर्च्या जरा सरकवल्या की त्याच टेबलाला नऊ जण आरामात बसतात, आयुष्य गेलं माझं यात. तर म्हणे गर्दी दिसते, फोटो चांगले येत नाहीत. मी दादाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. शेवटी म्हणाला, आईचं मी बघतो. मी बावळट, विश्वास ठेवला.

मग त्याने एक छोटं टेबल जादा मागितलं आणि पडद्यामागे ठेवायला सांगितलं. उष्टी ताटं आणि खरकट्याचे डबे पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून हॉलच्या टोकाला आम्ही घडीचा पडदा उभा करतो, तो हा. मला वाटलं, भांडी उचलणाऱ्यांना टेकायला हवं असेल. माझ्याच हाताने ते टेबल मांडलं, वर स्वच्छ कापडही घातलं.

जेवणं सुरू झाली. एका पाहुण्याची खुर्ची डुगडुगत होती, म्हणून जादाची आणायला पडद्यामागे गेले, तर तिथे आई. अंगावर इस्त्रीचे कपडे, समोर ताट आणि हातभर अंतरावर खरकट्याचा डबा. आंबूस वास सुटला होता. डब्यावरच्या माश्या उठून तिच्या ताटात बसत होत्या.

"इथे कुणी बसवलं तुला?"

दादाने स्वतः हात धरून आणलं, म्हणाली. इथे निवांत जेवता येईल म्हणाला. वर त्याचीच बाजू घ्यायला लागली, त्याच्यामागे आज किती व्याप, त्याला काही बोलू नकोस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला उठवून थेट मोठ्या टेबलाशी नेणार, तेवढ्यात माइकवर दादाचा आवाज आला. मी जो काही आहे तो आईमुळे, असं सुरू झालं. मध्येच गळाही दाटून आला. आई चमचा तसाच धरून ऐकत होती. चेहरा कसा खुलला होता तिचा.

"आज ती इथे हवी होती," दादा म्हणाला. "पण तब्येत बरी नाही, म्हणून घरी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जनाची नाही तर मनाची तरी लाज? जन्मदात्रीला खरकट्याशेजारी बसवायचं आणि तिच्याच नावाने गळा काढायचा. थुंकावंसं वाटलं मला. मी पडद्याला हात घातला. पडदा माझाच, एक घडी घातली की सगळा हॉल समोर.

आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे. चारचौघांत खोटा पडेल तो."

"पडू दे ना."

"नको गं."

पलीकडे पुन्हा गप्पा सुरू झाल्या. आईने चमचा आवाज न करता खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि टेबलाचा आधार घेत उठली.

"मागून दार आहे का गं?" तिने हळूच विचारलं. "कुणी बघायच्या आत मला घरी सोड."