अजून आला नाही

विपुलने खिशातून एसटीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. तिकीट कसलं, लगदाच. भिजून वाळून त्याची गोळी झाली होती, आणि नखाने सोडवायला गेलं की ती आणखीच चुरगळत होती.

"हे काय?" कारकून श्रीपतने विचारलं.

"मुंबईचं तिकीट, साहेब. पंचवीस जुलैचं. मी रस्त्यात अडकलो होतो, त्याचा पुरावा."

श्रीपतने आधी गोळीकडे बघितलं, मग विपुलकडे. पुरानंतर शाळेच्या व्हरांड्यात मदत केंद्र उघडलं, तेव्हापासून लोकांनी त्या टेबलावर काय काय आणून ठेवलं होतं. गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा आली होती. पण विमान चुकल्याचा दाखला मागणारा हा पहिलाच.

"माझ्याकडे छापील नमुने चार. मयत, बेपत्ता, घर पडलं, जनावर वाहून गेलं. विमान चुकलं, असा नमुना सरकारने अजून काढलेला नाही."

तो चेष्टा करत नव्हता. आठवडाभर झोप नसलेल्या माणसाचा आवाज होता तो.

विपुलने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो परदेशी प्रवासी जहाजावर कपडे धुण्याच्या विभागात कामाला. सुट्टी संपवून सत्तावीसच्या पहाटेच्या विमानाने जायचं होतं. एसटी महामार्गावर दोन ओढ्यांच्या मधे अडकली आणि चार रात्री एका देवळात काढाव्या लागल्या. मुंबईचा विमानतळही बुडाला, विमान रद्द झालं, हे नशीबच म्हणायचं. पण कंपनीने सगळ्यांना एकोणतीसच्या विमानाची नवी तिकिटं दिली. सगळे गेले. विपुल तेव्हा चिखल तुडवत घरी परतत होता.

काल महाडहून त्याने मुंबईच्या एजन्सीला फोन लावला. तिथली बाई वाईट नव्हती, फक्त घाईत होती. तिकिटाचा विमा आहे, ती म्हणाली, पण विमावाल्यांना सरकारी शिक्क्याचा कागद लागतो. तो उद्या दुपारपर्यंत फॅक्स झाला तर जहाज पुढच्या बंदरात गाठता येईल. नाही झाला तर नावापुढे 'स्वतःहून गैरहजर' असा शेरा पडेल. तो शेरा पडलेल्या माणसाला पुन्हा कुठलंच जहाज घेत नाही.

ती 'उद्या दुपार' म्हणजे आजची. सकाळचे दहा वाजून गेले होते. जहाज गेलं की रसायनाचा कारखाना, एवढंच विपुलला ठाऊक होतं. तिथे तीन वर्षं काढली होती त्याने, हातांची सालं निघेपर्यंत. आणि पनवेलला नर्सिंग शिकणाऱ्या साक्षीला, धाकट्या बहिणीला, परत घरी बोलवावं लागलं असतं.

"रस्ता बंद होता हे सगळ्या जगाला ठाऊक आहे," श्रीपत म्हणाला. "पण तू त्या रस्त्यावर होतास हे मी कशावरून लिहू? नाव काय तुझं?"

विपुलने नाव, वाडी सांगितली. श्रीपतने समोरची वही ओढली, पानं उलटली आणि थांबला.

"अरे, तू तर बेपत्ता आहेस."

वहीत लिहिलेलं होतं. अर्जदार सुंदराबाई, बौद्धवाडी. मुलगा विपुल, वय पंचवीस, दिनांक पंचवीस रोजी मुंबईस जाण्यास निघाला, पत्ता नाही. आईने अठ्ठावीसला येऊन दिलेली नोंद. घरी परतला तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडून अशी रडली, की नाव कापायला जायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

श्रीपतने लाल पेन उचललं. विपुलने नावावर तळहात ठेवला.

"थांबा साहेब. याचाच शिक्क्याचा उतारा द्या. यात सगळं आहे."

"नाव कापलं की उतारा नाही. आणि तू समोर उभा असताना न कापता कसं चालेल?"

विपुलने हात काढला नाही. श्रीपतने थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अर्ज आईचा आहे. तिने येऊन, मुलगा अजून आला नाही म्हणून सही केली, तर उतारा तिला मिळेल. मी चहाला जातोय. तू कोण, मला माहीत नाही."

वाडी शाळेपासून पाव तासावर. विपुल पळतच गेला.

"जित्या पोराला मेला म्हनू?" सुंदराबाई चुलीपुढून उठलीच नाही.

"मेला नाही गं. आला नाही, एवढंच."

"चार दिस मी तेच बोलत होते. तोंड सुकलं माझं. माज्यानं परत नाय बोलवनार."

"आये, पुन्हा कारखान्यात जाऊ का मी?"

सुंदराबाईने त्याच्या हातांकडे बघितलं, आणि मग पदर डोक्यावर घेतला.

व्हरांड्यात रांग होती. विपुल रस्त्यापलीकडे, पडक्या भिंतीमागे उभा राहिला. आईच्या पुढे वरच्या वाडीतली कमळाबाई होती. नोंद द्यायला दोघी एकाच दिवशी आल्या होत्या, एकीची लिहून होईपर्यंत दुसरीने तिला धरून ठेवलं होतं. कमळाबाईचा मुलगा पांडू पोलादपूरला ट्रकवर क्लीनर. ट्रक घाटाखाली पाण्यात सापडला, ड्रायव्हर सापडला, पांडू नाही.

"तुझा आला का गो?" कमळाबाईने विचारलं.

सुंदराबाईला वाटलं, आत्ता जमीन फाटावी.

"नाय," ती म्हणाली.

कमळाबाईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "माजा बी नाय. आज आंगठा द्यायला आलेय. शोध थांबवा म्हनून. माजा भाऊ म्हनतो, किती दिस धरून बसशील? दर्भाचा पांडू करून उद्या अग्नी देनार." आणि मग, जणू सुंदराबाईचंच दुःख मोठं, तशी तिची पाठ चोळत राहिली. "तू नको देऊ. तू आनकी थांब."

भिंतीमागून विपुलला शब्द ऐकू येत नव्हते, नुसती आईची हलणारी पाठ दिसत होती. आई खरंच रडत होती. पांडूचं त्याच्याही कानावर आलं होतं; ती कशासाठी रडतेय, ते त्याला कळलं आणि त्याने तोंड फिरवलं.

कमळाबाईचा अंगठा झाला. मग सुंदराबाईने सही केली. शाळा न शिकता, मोठेपणी गिरवून शिकलेली सही. उतारा मिळाला, शिक्का ठळक उमटला होता.

विपुल मदतीच्या ट्रकने महाडला गेला. इस्माईलभाईंच्या दुकानात जनरेटरवर फॅक्स चालू होता. एकच्या सुमारास कागद गेला, दोनला एजन्सीच्या बाईंचा फोन आला. अठ्ठावीसची नोंद बघून विमावाल्यांनी मानलं होतं. परवाचं विमान. विपुलला आनंदाने ओरडावंसं वाटायला हवं होतं. तो नुसता बाकावर बसून राहिला, इस्माईलभाईंनी चहा पुढे केला तोही निवला.

पाचच्या सुमारास तो घरी बॅग भरत होता. उद्या सकाळी जाऊन नाव कापून घ्यायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं. तेवढ्यात दारात सावली आली.

"सुंदरे, एकटीच बसली असशील म्हनून म्हटलं..." कमळाबाई उंबऱ्यातच थांबली. फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या तिच्या हातात होत्या. तिने विपुलला बघितलं.

विपुलने बॅग पायाने मागे सरकवली.

"कवा आला?"

खरं सांगायला फार काही लागणार नव्हतं. सुंदराबाईच्या तोंडून निघालं ते निराळंच.

"आताच."

कमळाबाई रागावली नाही. ती आत आली, विपुलच्या तोंडावरून, दंडांवरून हात फिरवला, बोटं मोजावीत तशी चाचपली.

"आठ दिस," ती म्हणाली. "आठ दिसांनी आला. मंजे येतात गो." मग विपुलला, "कुठं होतास रे? तिथं आनकी कोन व्हते? माज्या पांडूएवढा कोन? कानात बाळी हाय त्याच्या."

विपुलने आईकडे बघितलं. आई चुलीकडे बघत होती.

"होते," तो म्हणाला. "पुष्कळ जण होते."

"मंग हाय तो. मंग मी आंगठा मागं घेते."

तिने भाकऱ्या सुंदराबाईच्या हातात कोंबल्या आणि उंबरा ओलांडून निघाली. पायवाटेला लागली तशी चाल वाढली, पुढे तर ती जवळजवळ धावायलाच लागली. केंद्र सहाला बंद व्हायचं. अजून पाऊण तास होता, ती सहज पोचणार होती.