हाकांची वाटणी

धाकट्यानं कॉम्प्युटरचा पडदा मॅडमकडे वळवला आणि पहिल्या प्रोसेसरच्या आकड्यावर बोट ठेवलं. हॉस्पिटलचा सर्व्हर सकाळपासून रखडत होता. डिस्क असो की नेटवर्क कार्ड, काही काम आलं की प्रोसेसरला हाक मारायची, हातातलं ठेव आणि आधी इकडे बघ. या हाका, म्हणजे इंटरप्ट, सगळ्याच्या सगळ्या पहिल्या प्रोसेसरवर येऊन आदळत होत्या.

"आठ प्रोसेसर आहेत आणि राबतोय एकटा," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे काय जावई आहेत?"

"मशीन सुरू होताना हा सगळ्यांत आधी उठतो. मग जो तो यालाच हाक मारतो."

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"बाबांचं औषध बदललंय, एवढंच. आज पुन्हा वर्गात फोन वाजला रे. आता वाजला तर वर्ग काढून घेईन म्हणाले मुख्याध्यापक. बरं, तू कामात असशील. ठेवते."

त्यानं पुन्हा पडद्यावरच्या पहिल्या आकड्याकडे पाहिलं. औषधवाला, नर्स, लॅब, गॅसवाला, सगळ्यांकडे ताईचाच नंबर. तिनं सगळं अंगावर घेतलं म्हणून तर हा पठ्ठ्या निवांत शिकला, नोकरीला लागला. इतकं करूनही तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि यानं कधी विचारलं नाही.

त्यानं हाका वाटायला घेतल्या. डिस्कची तिसऱ्याकडे, नेटवर्कच्या पुढच्यांकडे. एक मात्र पहिल्याकडेच ठेवली.

"ही का?"

"हिला लागणारं सगळं त्याच्या हाताशी असतं. दुसऱ्याला शोधत बसावं लागेल."

सर्व्हर सुरळीत चालू लागला. मग तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ताईचा फोन.

"अरे, माझा फोन बिघडलाय का? दिवसभर वाजलाच नाही. जिवाला नुसता घोर!"

"फोन ठणठणीत आहे. औषधवाला, नर्स, लॅब, सगळे आता मला फोन करतील. ताई, इतकी वर्षं तू..." त्यानं नाक ओढलं.

"पुरे, रडूबाई," ती म्हणाली, पण तिचाही आवाज ओला झाला होता. "आज धडा पुरा झाला माझा. किती दिवसांनी!"

"बाबा मात्र तुझ्याकडेच. मी बोललो की म्हणतात, कोण तुम्ही? ताईला द्या."

ती हसली.

"थांब, थांब. बाबांचाच येतोय."

आणि त्याचा फोन अर्धवट तोडून तिनं बाबांचा घेतला.