दहा वाजता रिकामं असणारं घर

पहारी आणि हातोडे माझ्याच दुकानातून गेले. खोटं कशाला बोलू? खाटकाला जड पहार, शिंप्याला हलका हातोडा, कुणाला काय पेलेल ते बघून मीच दिलं.

चौकात माझं लोखंडी सामानाचं दुकान. समोर प्रार्थनामंदिर आणि त्याला लागून मंदिराच्याच मंडळींनी काढलेलं म्हाताऱ्यांचं घर. गावाबाहेर, खाणीपलीकडे त्यांना मोकळी जागा मिळत होती. पण त्यांचं एकच पालुपद, म्हातारी माणसं वस्तीच्या मधोमध हवीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. आम्हा दुकानदारांना ते खुपायचं. सकाळी शटर वर करावं आणि समोरून शववाहिका निघावी, हे कुणाला रुचेल?

माझं दुखणं मात्र वेगळं होतं. समोरच्या ओट्यावर माझी आत्या बसायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यापायी लग्नही केलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं आणि माझ्या बायकोचं वाजलं, मी मधे पडलो आणि बोलून गेलो, "तुला इथं कुणी बांधून ठेवलंय का?" दुसऱ्या दिवशी ती ट्रंक उचलून समोर राहायला गेली. तेव्हापासून सगळा चौक माझी शोभा बघत होता. चल घरी, एवढंच म्हणायचं होतं, पण माझा ताठा आडवा आला. ते घर बंद पडलं की ती आपसूक परत येईल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

माणसांना हात लावायचा नाही, घर तेवढं राहण्यालायक ठेवायचं नाही, असं आमचं ठरलं. वेळ मी सांगितली. दहाच्या ठोक्याला सगळी म्हातारी रांगेनं प्रार्थनेला जातात आणि तासभर घर रिकामं असतं, हे मी दोन वर्षं दुकानातून बघत होतो. त्या सकाळी मात्र मी मागच्या खोलीत पहारी वाटत होतो. रांग निघाली की नाही, ते कुणीच पाहिलं नाही.

आम्ही सातजण घुसलो. खाटकानं पहिल्या घावात दाराची चौकट उखडली. खिडक्या फुटल्या, औषधांचं कपाट आडवं झालं, बाटल्यांचा चुरा बुटांखाली करकरला. स्वयंपाकघरात कुणीतरी बेसिन फोडलं, पाणी पायांत आलं. आणि मला, लाज वाटते सांगायला, मजा येत होती. दोन वर्षांचा राग हातात उतरला होता.

टोकाची एक खोली बंद होती. दाराला वर धुरकट काच. मी लाथ मारली, आतून कडी होती. मग मी हातोडा गरगर फिरवून काचेवर फेकला.

काच फुटली आणि आत कुणीतरी विव्हळलं. खाटकानं खांद्यानं दार तोडलं. आत पंधरा-वीस म्हातारी एका खाटेभोवती दाटीवाटीनं बसली होती. एक निवृत्त मास्तर काठी उगारून उठले. खाटकाचा हात चालूच होता, त्याची पहार मास्तरांच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझा हातोडा जमिनीवर पडला होता. त्याच्याशेजारी, दाराशीच, आत्या. डावा डोळा कुठं होता ते कळत नव्हतं, सगळं रक्तच होतं. खाटेजवळची माणसं एकमेकांना ढकलत तिच्याकडे धावली. बाकीचे सहाजण पळाले. मला पळता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ओळख पटवायला मला बेड्या घालून इस्पितळात नेलं. फौजदारानं विचारलं, हातोडा कुणी फेकला. ती मला पाठीशी घालेल असं वाटत होतं, लहानपणापासून घालत आली होती.

"यानं," आत्या म्हणाली. "हा माझा भाचा. लिहून घ्या."

मी तिचे पाय धरले. डोळ्याबद्दल माफी मागितली, आणि दोन वर्षं अडलेले शब्द शेवटी तोंडातून निघाले, की सुटून आलो की घरी चल.

तिनं पाय आखडून घेतले.

"डोळ्याचं सोड," ती म्हणाली. "खाटेवरचे आजोबा शेवटच्या घटका मोजत होते. आमच्यात अशा वेळी कुणी प्रार्थनेला जात नाही. सगळे उशाशी बसतो, एकट्याला जाऊ देत नाही. तुझा हातोडा लागला आणि सगळे माझ्याकडे धावले. वळून बघितलं तर ते गेलेले. एवढी माणसं खोलीत, आणि त्यांचा हात कुणाच्याच हातात नव्हता."

मग तिनं फौजदाराला विचारलं, आपल्याला घरी कधी सोडतील. घर म्हणजे कुठलं, हे तिला कुणी विचारलं नाही.