अकराव्या मजल्याला तळघर नसतं

क्लिफर्डचा आवाज नोरीनने एकोणीस वर्षांनी ऐकला, आणि तोही तक्रारीच्या सुरात.

"तुझं पुस्तक ऐकायला घेतलं. ते वाचणारी बाई कुठली गं? लंडनची असणार. ती 'आई' म्हणते तेव्हा वाटतं, कुणी मोठी सरदारीण दारात उभी आहे. मी दहा मिनिटांत बंद केलं."

नोरीनच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात अर्धवट सोललेला बटाटा. "क्लिफ?"

"मग काय पोस्टमन?" मग त्याचा आवाज खाली आला. "डोळे गेलेत माझे, नोरीन. म्हणजे मधलं सगळं गेलंय, कडा तेवढ्या शिल्लक आहेत. तू येऊन वाचून दाखवशील?"

"इतक्या वर्षांत माझी एक ओळ वाचली नाहीस."

"म्हणून तर फोन केला. आता वाचायची सोयच उरली नाही."

त्याच्या जाड ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार होती आणि आजच्या भयकथेवर एक प्रकरण हवंच, असा प्रकाशकांनी हट्ट धरला होता. ते लिहायचं की 'या विषयाचा माझ्या विषयाशी संबंध नाही' असं कळवून मोकळं व्हायचं, हे त्याला ठरवायचं होतं. गुरुवारी येते, असं सांगून नोरीनने फोन ठेवला आणि मग कितीतरी वेळ तो बटाटा तसाच हातात धरून बसली.

दोघा भावंडांत सात वर्षांचं अंतर, क्लिफर्ड थोरला. ओल्डमच्या गिरणीवस्तीतली ही पोरं. बाप लवकर गेला, आईने गिरणीत सूत ओढून दोघांना वाढवलं. सहासष्ट साली जुनी चाळवजा घरं पाडली, तेव्हा नगरपालिकेने त्यांना एका नव्या उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर घर दिलं. क्लिफर्ड शिष्यवृत्ती मिळवून विद्यापीठात गेला, तिथेच प्राध्यापक झाला, बोलण्याची ढब बदलून बसला. त्याचा विषय गॉथिक कादंबरी: ओसाड किल्ले, मठ, कुलूप घातलेले महाल, भिंतीवरच्या तसबिरी आणि खानदानाची जुनी पापं. त्याच्या ग्रंथावाचून त्या विषयाच्या कुठल्याही विद्यार्थ्याचं पान हलत नसे. नोरीन आईपाशी राहिली. सव्वीस वर्षं ग्रंथालयाच्या टेबलामागे बसली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तिने अकरा भयकादंबऱ्या लिहिल्या. मुखपृष्ठावर उठावाची लाल अक्षरं, आत बंद पडणाऱ्या लिफ्टा, ओल धरलेल्या भिंती, रात्रपाळीच्या बायका. स्टेशनवरच्या दुकानांत त्या चांगल्या खपायच्या.

दोन हजार चार साली एका साहित्यमेळाव्यात दोघांना एकाच व्यासपीठावर बसवलं गेलं. आईला जाऊन चार महिने झाले होते. क्लिफर्ड अंत्यविधीला आला, शेवटच्या बाकावर बसला आणि चहाला न थांबता परत गेला. घर नोरीनने एकटीने आवरलं होतं. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, आजची भयकथा गॉथिकच्या वंशातली म्हणायची का? क्लिफर्ड हसून म्हणाला, "गॉथिक हे खानदान आहे. खानदान निघून गेल्यावर रिकाम्या घरात काही लोक घुसतात आणि शेकोटीसाठी जिन्याचे कठडे जाळतात. आजची भयकथा म्हणजे ते लोक."

सभागृह हसलं. नोरीनने माईक ओढून घेतला. "ते लोक म्हणजे आम्हीच," ती म्हणाली. "त्रेसष्टच्या थंडीत आमच्या आईने कपाटाचं दार जाळलं होतं. हे प्राध्यापकसाहेब तेव्हा बारा वर्षांचे होते, सगळ्यांत पुढे बसून शेकत होते. माझे सख्खे भाऊ आहेत ते."

त्याच्या सहकाऱ्यांपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

लँकेस्टरला त्याचं घर चढावर होतं. दार उघडलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता बाजूच्या खुंटीकडे बघत होता. नोरीनच्या मनात आलं, अजून हा तोंड फिरवतोच आहे. मग तिच्या लक्षात आलं, डोळ्याच्या कडेने तो तिलाच बघत होता.

"पांढरी झालीस," तो म्हणाला.

"तू तर टकला झालास. आत घेतोस की इथेच परीक्षा?"

तिने आल्याचा केक आणला होता, आईच्या हातचा असायचा तसा, चिकट आणि काळपट. क्लिफर्डने एक तुकडा संपवला. मग दुसरा मागून घेतला.

तिने तिसरी कादंबरी काढली. गोष्ट डोरा नावाच्या एका एकट्या बाईची. उंच इमारतीतल्या तिच्या झोपायच्या खोलीत भिंतीवर ओलीचा डाग पडतो. पालिकेचा माणूस येऊन रंग मारून जातो, डाग परत येतो. दर वेळी थोडा मोठा, थोडा माणसासारखा.

पहिल्या दिवशी क्लिफर्ड पावलोपावली अडवत होता. "थांब. हे पाप कुणाचं? भूत येतं तेव्हा मागे कुणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं. आणि घराला वय हवं. हे घर मुळात डोराच्याच वयाचं."

"मग?"

"मग भूतकाळ राहणार कुठे? त्याला जागा लागते. जिना लागतो, अडगळ लागते. तळघर कुठे आहे?"

"अकराव्या मजल्याला तळघर? आपल्या खालच्या मजल्यावर तर मिसेस सग्डन राहायच्या. त्यांच्या घरात घालू तळघर?"

तो फसकन हसला. इतक्या वर्षांत तिने ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि आपण त्यासाठी किती भुकेलो होतो हे तिला त्या क्षणी समजलं. पुस्तकात तोंड घालून ती पुढे वाचत राहिली.

असे तीन गुरुवार गेले. ती दुपारच्या गाडीने यायची, दोन तास वाचायची, चहा घ्यायची आणि परत जायची. वाद दर वेळी. क्लिफर्डचं म्हणणं, गॉथिकमधला माणूस भीतीतून काहीतरी थोर बघतो. तुमची माणसं नुसती घाबरतात. नोरीनचं म्हणणं, थोर बघायला आधी पोट भरलेलं लागतं. "तुझ्या त्या नायिका," ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या किल्ल्यात हिंडतात, पण केर कोण काढतं ते एकीलाही ठाऊक नसतं. केर काढणाऱ्या बाईलाही भूत दिसत असणारच की. तिची गोष्ट तुमच्यापैकी कुणी लिहिली नाही, म्हणून आम्ही लिहितो."

"ते समाजशास्त्र झालं."

"ते तुझ्या आईचं आयुष्य झालं," ती म्हणाली.

चौथ्या गुरुवारी ती त्या जागेशी पोचली. डाग आता भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला आहे. पालिकेचा माणूस येतो, पण डोरा दार उघडत नाही. तिने डागातला तो खांदा ओळखलेला आहे: डावा, किंचित खाली झुकलेला, वर्षानुवर्षं जड पिशवी वाहिलेला. ती पलंग ओढून भिंतीला लावते आणि त्या ओल्या खांद्याला पाठ टेकून झोपते. गारठा हाडांपर्यंत जातो, तरी ती हलत नाही.

"पुरे," क्लिफर्ड म्हणाला.

नोरीनने वर पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, म्हणजे तिच्याकडेच बघत होता.

"तो आईचा खांदा आहे," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं, तुझ्या पुस्तकांत लोक किंचाळत असतील."

"नवव्या पुस्तकात किंचाळतात थोडे."

त्याने हसायचा प्रयत्न केला. मग खूप हळू विचारलं, "शेवटी ती... विचारायची का माझ्याबद्दल?"

नोरीनने हे उत्तर एकोणीस वर्षं धार लावून ठेवलं होतं. त्याच्या छातीत बरोबर कुठे बसेल, हेही तिने ठरवलेलं होतं. आता तिच्याने ते तसं देववेना. "विचारायची नाही," ती म्हणाली. "पण लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की म्हणायची, आपला क्लिफ आला. दर वेळी. समोरच्यांचा पोरगा असायचा, नाहीतर दूधवाला. मी म्हणायचे, नाही गं आई. ती म्हणायची, बरं. पुढच्या वेळी परत तेच."

क्लिफर्डने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. मग तो म्हणाला, "मी आलो होतो. नंतर. इमारत सुरुंग लावून पाडली त्या दिवशी."

"दोन हजार सातला?"

"वर्तमानपत्रात वाचलं होतं. रस्त्यापलीकडे दोर बांधले होते, तिथे उभा राहिलो. लोक मुलांना खांद्यावर घेऊन आले होते, जत्रेला यावं तसे. भोंगा वाजला आणि अकरा मजले असे खाली बसले, एखादी बाई दमून मटकन बसते ना, तसे. मग नुसती धूळ."

"मी पण होते," नोरीन म्हणाली. "शाळेच्या बाजूला."

"मी चर्चच्या."

त्या दिवशी मधे धुळीचा एवढा लोट होता, की समोरासमोर असते तरी दिसले नसते.

"आयुष्यभर मी पडक्या भिंतींखाली उभा राहून टिपणं काढली," क्लिफर्ड म्हणाला. "पन्नासेक तरी किल्ले असतील. पडके असले तरी ते जपलेले असतात, दारात तिकीट असतं, पाटी असते. आणि माझ्या स्वतःच्या घराची एक वीटसुद्धा उरली नाही, जिच्यापाशी जाऊन उभं राहावं."

"म्हणून मी लिहिते," ती म्हणाली. "तुझ्या पुस्तकांतल्या माणसांना घरातून सुटायचं असतं. माझ्या माणसांना आत जायचं असतं, आणि घरच नसतं."

"म्हणजे उलटंच झालं. मग हे गॉथिक नव्हेच."

"अरे, पण ओढ तीच ना! भिंतीतलं माणूस परत यावं, एवढंच तर दोन्हीकडे आहे."

"वंश एक नाही."

"आई एक आहे."

क्लिफर्डने बराच वेळ मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, तिला कळलं नाही. मग त्याने टेबलावर चाचपून वही शोधली आणि तिच्यापुढे सरकवली. "लिही," तो म्हणाला.

प्रकरण तयार व्हायला डिसेंबर संपला. तो सांगायचा, ती लिहायची आणि दर दोन ओळींनी भांडायची. त्याने हार मानली नाही. आजची भयकथा गॉथिकची वारस आहे, असं वाक्य त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण 'कठडे जाळणारे लोक' हे त्याचं जुनं, प्रसिद्ध झालेलं वाक्य त्याने प्रस्तावनेतून काढायला लावलं आणि त्या जागी असं लिहवून घेतलं, की लेखकाच्या आईने एका हिवाळ्यात कपाटाचं दार जाळून मुलांना ऊब दिली, आणि ही गोष्ट त्याने ग्रंथाच्या पहिल्याच आवृत्तीत सांगायला हवी होती. नोरीनच्या पुस्तकाचं नाव प्रकरणात आलं. तिला वाटलं होतं, ते वाचल्यावर आपल्याला खूप आनंद होईल. आनंद झाला, पण त्याच्या तळाशी एक रिकामपण तसंच राहिलं. तिला हवं होतं ते छापण्यासारखं नव्हतंच. ही बातमी जिला सांगायची ती आई राहिली नव्हती.

प्रकरण पाठवून झालं तरी तिचे गुरुवार चालूच राहिले. आता चौथी कादंबरी चालू होती. एका दुपारी वाचता वाचता स्वयंपाकघराचं वर्णन आलं, आणि क्लिफर्डने हात वर केला.

"खिडकी चुकलीस. आपल्या स्वयंपाकघरात शिरल्यावर खिडकी डावीकडे होती."

"उजवीकडे."

"डावीकडे गं. मी तिथे बसून अभ्यास करायचो. सकाळचं ऊन वहीवर यायचं."

"ऊन संध्याकाळचं यायचं. आई उजव्या हाताला ओट्याशी उभी असायची, आणि तिच्या केसांत ते पडायचं. मी अडतीस वर्षं राहिलेय तिथे, क्लिफ."

"आणि मी तिथे बसून चार परीक्षा दिल्या."

तिने पिशवीतून फोटो काढले, होते नव्हते तेवढे सगळे. एकात आई पलंगावर होती, एकात नाताळचं झाड, एकात दाराशी उभा शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतलेला कोट घातलेला क्लिफर्ड. स्वयंपाकघराचा एकही नव्हता. विचारायला मिसेस सग्डनही उरल्या नव्हत्या.

"कागद घे," तो म्हणाला. "तू तुझं काढ. मी माझं सांगतो."

तिने दोन चौकोन काढले. एकात खिडकी उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. मग टेबल, मग ओटा, मग भांडी ठेवायची फळी, मग आईची खुर्ची म्हणून एक ठिपका. खुर्चीच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं. क्लिफर्डने कागद डोळ्यांच्या कडेशी धरला आणि बोटाने खुर्चीची जागा शोधत राहिला, आणि तिने त्याचं बोट धरून त्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं.