स्टिअरिंगवरचं बोट

त्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न सोडता एक बोट वर करायचं, ओळख असो वा नसो. न करणारा एकतर शहरातला, नाहीतर रागावलेला.

क्लॅरी कधी चुकला नव्हता. चौऱ्याऐंशीचा हा म्हातारा रोज पांढऱ्या पिकअपमधून चाळीस किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात जाऊन बायकोला, बेरिलला, चमच्याने कस्टर्ड भरवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून ती तोंडच उघडत नसे. पण वर्षभरापासून त्याची गाडी मधल्या रेषेवरून चालू लागली होती. मग गावाने नवी रीत पाडली. पांढरी पिकअप दिसली की आपणच गाडी रस्त्याखाली खडीवर घालायची. "रस्ता क्लॅरीच्या बापाचा!" म्हणून हसायचंही. पोलिसांचं नाव कुणी काढत नसे. शाळेची बस चालवणारी ग्लेनिस याच शहाण्यांतली.

त्या मंगळवारी बसमध्ये एकोणीस मुलं होती. समोरून क्लॅरी परतत होता. ग्लेनिसने सवयीने बोट उचललं. त्यानेही उचललं, पण रस्त्याकडेला टपालपेटी म्हणून उभ्या केलेल्या पिंपाला. समोरून येणारी गाडी म्हणजे ते पिंपच, असं समजून त्याने ते चुकवलं आणि पिकअप सरळ बसवर आली. ग्लेनिसने बस खडीत घातली. दप्तरं धडाधड कोसळली, एक मुलगी किंचाळली. कुंपण हातभर अंतरावर असताना बस थांबली. क्लॅरी तसाच निघून गेला. त्याला काही कळलंच नव्हतं.

मुलं घरी पोचवून तिने फोन लावला. मनात सारखी बेरिल येत होती.

"नाव सांगितलंच पाहिजे असं नाही," पोलीस ठाण्यातली बाई म्हणाली.

"लिहा, ग्लेनिस पॅस्को. बस माझीच होती."

तीन आठवड्यांत डोळ्यांची तपासणी होऊन क्लॅरीचा परवाना गेला. दुकानात बिलाच्या आकड्यापलीकडे कुणी तिच्याशी बोलेना. शेवटी दुकानदारीण फणकारलीच, "आम्ही सांभाळून घेत होतो ना त्याला!"

"कुणाच्या जिवावर, ग? पोरांच्या?" ग्लेनिस म्हणाली. म्हणाली खरी, पण गाडीत बसून रडली.

परवाना गेला त्याच दुपारी ती आपली गाडी घेऊन क्लॅरीच्या फाटकाशी गेली होती. तो टोपी घालून पायरीवर बसला होता.

"तूच कळवलंस?"

"हो, मीच. चला, बेरिल वाट बघत असेल."

तो पायरीवरून उठला. मग चाचपडत गाडीचं दार उघडून आत बसला. तेव्हापासून ती रोज न्यायची, रोज आणायची, आणि तो अवाक्षर बोलायचा नाही.

बारा दिवस असेच गेले. तेराव्या दिवशी समोरून एक ट्रक आला. ग्लेनिसने बोट उचललं.

"कोण होतं?" क्लॅरीने विचारलं.

"तुमचा पुतण्या. त्यानेही बोट वर केलं."

"त्या दिवशी बस होती, नाही का? पोरांनी भरलेली."

"हो."

"मला एकही पोर दिसलं नाही, ग्लेनिस."

ट्रक केव्हाच मागे पडला होता. क्लॅरीने गुडघ्यावरचं बोट हळूच उचललं, रिकाम्या रस्त्याकडे बघत, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.