अँपला कंठ फुटला त्याची गोष्ट

"फेलिक्स, हळू रे. पोराचा आत्ताच डोळा लागलाय."

पन्नास वर्षं होऊन गेली, पण फ्लोरीचा तो दमलेला आवाज माझ्या लाकडात अजून मुरून आहे. मित्रांनो, मी गिटारचा एक जुना अँप. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जेमतेम डासाएवढा. तिचं म्हणणं मोठं करून चारचौघांना ऐकवायचं, हा माझा धंदा. आयुष्यभर दुसऱ्यांचं मी मोठ्यानं सांगत आलो. एक गोष्ट मात्र पोटात राहिली, कारण ती सांगायला माझ्यापाशी तार नव्हती.

माझा जन्म चिंचपोकळीचा. शिवा रेडिओवाल्यानं मला घडवलं. रे रोडच्या वखारीतून खोक्याचं लाकूड आणलं, मोडक्या रेडिओंतले वॉल्व्ह बसवले, पुढे कागदी पडद्याचा स्पीकर लावला आणि त्यावर फ्लोरीच्या जुन्या फ्रॉकचं निळ्या फुलांचं कापड ताणलं. मला चालू केलं की थोडं थांबावं लागतं. वॉल्व्हच्या काचेत तांबूस वात उजळते, मी हुंकार देतो, मगच बोलतो.

फ्लोरीचा नवरा फेलिक्स कॉटन ग्रीनच्या गोदामात कारकून होता. एका खलाशानं दिलेल्या तबकडीवर त्यानं ब्लूज ऐकलं आणि पार खुळावला. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, पण रडकं नव्हे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा घोळवायची, आणि तिसरीनं दोघींना उत्तर द्यायचं. शिवानं ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्याचा हात कामावरच थांबला. "ह्यां तर आमच्या आवशीचां जात्यावरचां गाणां, फेलिक्स," तो म्हणाला.

पण फेलिक्सचं समाधान होईना. त्यानं गिटारला जाड तारा लावून पाहिल्या, बारीक लावून पाहिल्या. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, खुर्चीवर चढवलं. तबकडीवरच्या त्या सुरात घसा बसल्यासारखी खरखर होती, आणि मी आपला शाळेतल्या हुशार मुलासारखा स्वच्छ.

त्याच दिवसांत लहानग्या ब्रायनला ताप आला. तीन दिवस फ्लोरी त्याला खांद्यावर घेऊन फिरत होती. चौथ्या दुपारी तो कसाबसा झोपला आणि फेलिक्सनं मला चालू केलं. ती 'हळू रे' म्हणाली. त्यानं आवाज कमी केला, पण इतका थोडा की मांजरालाही कळला नसता. पोर किंचाळत उठलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर फ्लोरी विणायची सुई घेऊन माझ्या मागे येऊन बसली. माझी पाठ उघडीच असते. तिनं सुई कागदी पडद्यातून आरपार घातली. एकदा, मग पुन्हा. मग तिथेच बसून रडली.

संध्याकाळी फेलिक्सनं तार दाबून वाकवली, आणि माझ्या तोंडून एक फाटका, कळवळलेला सूर निघाला. तो दचकला. पुन्हा वाकवली. मग गळ्यातल्या गिटारसकट फ्लोरीला मिठी मारून म्हणाला, "फ्लोरी, अँपला कंठ फुटला!" तिच्या ओठांवर काही आलं होतं. ते तिथेच विरलं.

पुढची वर्षं सोन्याची गेली, मित्रांनो. गिरगावातल्या आमच्या वाडीत माझ्याशिवाय लग्नाची वरात हलत नसे. लालबागची पोरं मला हातगाडीवर घालून मंडपात नेत. कुठल्या दुकानातून आणलास, असं लोक विचारत. फेलिक्स मिजाशीत सांगे, असा आवाज विकत मिळत नाही, माझ्या वाजवण्यानं आपोआप उघडलाय. तो आवाज बिघडेल या धास्तीनं माझ्या पोटात कुणालाच हात घालू देत नसे. फ्लोरी मान खाली घालून विणत राही.

मग त्याची बोटं आखडली. मी खाटेखाली गेलो, गव्हाच्या डब्याशेजारी. वीस वर्षं कुणी नाव काढलं नाही.

मला बाहेर काढलं ब्रायनच्या लेकीनं, कॅरिसानं. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांची धून त्यांच्याच आवाजात वाजवायची, हा तिचा ध्यास. लहानपणी ऐकलेल्या त्या खरखरीसाठी तिनं दुकानं पालथी घातली, गिटारचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची तीन पेडल आणली, पण तो सूर काही सापडेना. शेवटी गुपचूप मला चिंचपोकळीला शिवाच्या मुलाकडे, राजेशकडे नेलं. राजेश चोख कारागीर. त्यानं फाटका स्पीकर काढून नवा बसवला आणि जुना गोणपाटात बांधून ठेवला. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचाच, ही बापाची शिस्त.

वाढदिवसाच्या दुपारी राजेश मला घेऊन वाडीत आला. कॅरिसानं धून धरली, आणि मी पुन्हा शाळेतल्या मुलासारखा स्वच्छ बोललो. तिनं एकामागून एक पेडल दाबून पाहिली. फेलिक्स मान कलती करून ऐकत होता.

"सुंदर वाजवतेस गं," तो म्हणाला. "पण माझा अँप असा नव्हता. की माझेच कान गेले? कदाचित तेव्हाही तसा नसेल. मलाच वाटत असेल."

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. राजेश ओशाळला. गोणपाट उचलत म्हणाला, अंकल, हा जुना स्पीकर जाता जाता भंगारात देतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. आमची धूळ झटका, आम्हाला खाटेखाली विसरू नका. फक्त हात घालण्याआधी, ज्यांचं आयुष्य आमच्यासोबत गेलं त्यांच्यापाशी घटकाभर बसा. कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं जपायचं, हे त्यांनाच ठाऊक असतं. माझा जुना पडदा तासाभरात माझ्या छातीत परत आला, पण ते नंतर. आधी फ्लोरीनं विणकाम खाली ठेवलं. राजेशच्या हातून गोणपाट घेऊन मांडीवर सोडलं, आणि फाटक्या कागदावरून बोट फिरवलं.

"तुझे कान शाबूत आहेत, फेलिक्स," ती म्हणाली. "हे मी केलं होतं. विणायच्या सुईनं. ब्रायन तापला होता आणि मला तुझा भयंकर राग आला होता. त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण तू इतका खूश झालास रे, की मला सांगवेचना."