चार नंबरचा दिवा

त्साईसाहेबांनी त्या पोराला सगळ्यांसमोर "डोकं आहे बरं का गड्याला" म्हटलं, आणि तेव्हापासून श्वेफेनच्या पोटात दुखायला लागलं.

ताइनानमधली त्यांची छोटीशी कंपनी देवळांसाठी सॉफ्टवेअर करायची, आणि माझूदेवीचं देऊळ म्हणजे तर श्वेफेनचं माहेरच. नव्या वर्षात लोक तिथे आपल्या नावाचा दिवा लावतात. भिंतीवरचा कितवा दिवा कुणाचा, हे इतकी वर्षं तिचा प्रोग्रॅम ठरवत होता, आणि कुणाची एक तक्रार नव्हती. आता साहेबांनी तेच काम नव्यानं लिहायला दिलं कुणाला? तर यीआनला! काल नोकरीला लागलेल्या, धड मिशीही न फुटलेल्या पोराला!

"ताई, इथे आकडे द्यायला वेगळा सीक्वेन्स कशाला ठेवलायस गं?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. "टेबल तर एकच आहे. आयडेंटिटी कॉलम लावला, की नाव आत गेलं रे गेलं, डेटाबेस आपोआप आकडा चिकटवतो. तुझ्या या एवढ्या ओळी लागतातच कशाला?"

साहेब मागेच उभे होते. "बघ श्वेफेन, किती सुटसुटीत!"

सुटसुटीत म्हणे! पुस्तकातलं त्याचं बरोबर होतं, तेच तर तिला जास्त झोंबलं. एकाच टेबलाचे, कुणाला न दिसणारे आकडे असतील तर आयडेंटिटीसारखं सुख नाही. पण सीक्वेन्सकडून आकडा आधी हातात घेता येतो, बँकेतल्या टोकनसारखा. बघायचा, पटला तर वापरायचा, नाही तर टाकून द्यायचा आणि पुढचा मागायचा. तिच्या त्या ओळी नेमकं हेच करायच्या. ज्या आकड्यात चार असेल तो टाकून द्यायच्या. इथल्या भाषेत चार म्हटलं की मरण ऐकू येतं, म्हणून देवळाच्या भिंतीवर चार नंबरचा दिवाच नाही. चौदाचा नाही, चाळिसाचाही नाही. तिनाच्या शेजारी थेट पाच. आयडेंटिटी मात्र नाव आत गेल्यावर जो आकडा देईल तो मुकाट्यानं घ्यायचा.

"ताई, या देवळाचं खास असं काही आहे का? मी विसरीन असं?" यीआननं काम संपवताना विचारलं.

अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून "पुढच्या वर्षी सगळी देवळं तुझ्याकडेच" असं म्हणत निघून गेले.

"छे रे," श्वेफेन म्हणाली. "सगळं साधंच आहे. छान केलंयस."

पोरगं खूश झालं. त्यानं तीन नावं घालून तपासून पाहिलं, सगळं ठीक चाललं. मग मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरवर खाऊचं नवं हिरवं पाकीटही ठेवलं. ठेव बाबा, ठेव, ती मनात म्हणाली. असा तोंडघशी पडशील ना, की साहेबांना माझीच आठवण येईल. त्या दिवशी तिनं दोन वाट्या फिश सूप प्यायलं. एरवी यंदा तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बारा प्राण्यांच्या पंचांगात ती घोड्याच्या वर्षातली आणि हे वर्षही घोड्याचंच. आपलं वर्ष आपल्यालाच बाधतं, म्हणून ती ऑफिसभर कुरकुरत फिरायची. पण स्वतःसाठी दिवा लावायला काही तिला सवड झाली नव्हती.

दिवे लावायच्या दिवशी सकाळीच फोन आला. "श्वेफेन, ताबडतोब ये!" साहेब ओरडत होते. "अर्ध्या लोकांना त्यांचे दिवेच सापडत नाहीयेत!"

अर्धे कसले, चारवाले सगळे! तिनं नीट केस विंचरले, चांगला कोट घातला आणि मगच निघाली. देवळात नुसता कल्लोळ. नोंदणीवाल्या काओ मावशी कमरेवर हात ठेवून यीआनला फैलावर घेत होत्या, आणि तो मान खाली घालून उभा होता.

"देवीच्या दारात चार नंबर वाटतोस? कुणी शिकवलं रे तुला?"

"चूक माझीच आहे मावशी," यीआन म्हणाला. "मी ताईला नीट विचारायला हवं होतं."

त्यानं विचारलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं. श्वेफेननं त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि खुर्चीत बसली. जुन्या ओळी परत आणणं तिच्या डाव्या हाताचा मळ. साहेब म्हणाले, "बघ, शेवटी तूच!" किती दिवस वाट पाहिली होती या शब्दांची!

"आधी हा चार नंबरवाला बघ," मावशींनी कागद पुढे सरकवला. "नोंदणीच्या पहिल्याच दिवशी फोनवरून नाव घातलंय. यंदाचं वर्ष बाधू नये म्हणून लावायला सांगितलेला दिवा, आणि वर चार! कोण गं हा दुर्दैवी? नाव बारीक छापलंय, मला लागत नाही."

श्वेफेननं कागद पाहिला. नाव तिचंच होतं. खाली, भेट देणारा: यीआन.

"तू सारखी म्हणायचीस ना ताई, वर्ष खराब आहे," तो पुटपुटला. "आकडा भिंतीजवळ आल्यावरच कळतो गं, मला काय माहीत..."

तिचे हात थांबले. साहेब हसत वाट पाहत होते, आणि गप्प बसली असती तर सगळी देवळं तिचीच होती.

"विचारलं होतं यानं," ती एकदम म्हणाली. "सरळ विचारलं होतं. मीच सांगितलं नाही. बघवत नव्हतं मला याचं कौतुक."

साहेबांचं हसू मावळलं. यीआननं मान वर केली आणि परत खाली घातली.

काओ मावशींनी तिला नीट निरखून पाहिलं, आणि दिव्याखाली लावायची तिच्या नावाची पट्टी उचलून तिच्याच हातात ठेवली.

"मग तुला आणखी दिवा कशाला हवा गं?" त्या म्हणाल्या. "तू तर नुसती जळतेच आहेस."